हसनने आईला कळवलेलं जेवण

हसन गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुसफ्फाच्या कारखाना वस्तीत माझ्या मुलाच्या वर्कशॉपमध्ये सुलेमानी चहा पीत बसलो होतो. ऐंशीनंतर माणसाला घरात बसवत नाही आणि वर्कशॉपमध्ये त्याचा काडीचा उपयोग नसतो, तरी मी रोज जातो आणि वेल्डर लोकांच्या चुका काढतो. फोन हसनच्या मुलाचा होता, इक्बालचा. "चाचा, अब्बा गेले... सकाळी, झोपेतच. असरच्या नमाजानंतर नेणार आहोत." मी बरं म्हणालो, फोन ठेवला, उरलेला चहा संपवला. मग ध्यानात आलं की या आखातात मला नावाने हाक मारणारा आता कोणी उरला नाही. सगळ्यांचा मी चाचा, अब्बा नाहीतर दादा. युसुफ म्हणणारा तो एकटाच होता. संध्याकाळी कबरस्तानात मूठमूठ माती टाकताना मला रडू आलं नाही, भीती वाटली. एक गोष्ट मला त्याला माझ्या तोंडाने सांगायची होती आणि ती मी साठेक वर्षं उद्यावर टाकत आलो होतो. आता उद्या संपला. त्याला दीड महिना झाला. हा लेख हसनवर आहे, पण अर्धा माझ्या एका पापावर आहे, ते वाचणाऱ्याने चालवून घ्यावं.

आम्ही दोघे दाभोळच्या खाडीकाठच्या एकाच गावचे. साठच्या दशकात मुंबईमार्गे दुबईत आलो, तेव्हा यूएई हे नावही जन्माला आलं नव्हतं. मोठ्या जहाजांना लागायला धक्का नव्हता. जहाजं बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची आणि माल पडावांतून खाडीत यायचा. आमचं जहाज लहानसं, एका गोऱ्या कंपनीचं, आखातातल्या बंदरांत सिमेंट, तांदूळ आणि लोखंडी पाइप फिरवणारं. मी इंजिनरूमचा स्टोअरकीपर. हसन खलाशांचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. बुटका, रुंद खांद्यांचा, दिवसभरात चार वाक्यं बोलणारा माणूस. पण खाण्याचा विषय निघाला की त्याला आवरणं कठीण. त्याचे वडील तो लहान असतानाच मचव्यासकट समुद्रात गेले. आई आमिनाबीने सुकट विकून त्याला वाढवलं. शाळेत तो चार दिवस बसला असेल. अक्षराशी त्याची कधी ओळख झाली नाही.

मी सातवी पास, त्यामुळे जहाजावरच्या सगळ्या कोकण्यांची पत्रं वाचणं आणि लिहिणं माझ्याकडे होतं. त्याचा एक रिवाज होता. टपाल आलं की मी हॅचच्या कडेला बसायचो, ज्याचं पत्र तो माझ्यासमोर बसायचा आणि बाकीचे आपणहून उठून जायचे. दुसऱ्याच्या घरचं ऐकू नये. वाचणाऱ्यालाही नियम होता: पत्रातलं काही गिळायचं नाही आणि आपल्या पदरचं काही घालायचं नाही. हा नियम मला खलाशांच्या म्होरक्याने, बुजुर्ग सारंगाने, पहिल्याच सफरीत सांगितला होता. मी तो चार वर्षं पाळला.

सदुसष्ट साली वसंतात आमच्या जहाजाला दुरुस्तीसाठी माल्टाला पाठवलं. सुएझचा कालवा ओलांडून भूमध्य समुद्रात शिरलो तेव्हा हसन गॅलीच्या, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाकघराच्या, दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला की या पाण्याचा वासच निराळा आहे, इथली मासळी गोड असणार. माल्टा म्हणजे दोन-चार बेटांचा पुंजका. सगळं एकाच दगडाचं बांधलेलं, मधाच्या रंगाच्या. जहाज सुक्या गोदीत चढलं आणि आम्ही दोन महिने मोकळे. पहिल्याच दिवशी हसन बाजारात गेला आणि हरखून परत आला. तिथल्या लोकांची बोली दुबईच्या अरबीची लांबची बहीण निघाली. पावाला हा खुब्ज म्हणाला तर पाववालीने पावच दिला. आमच्यातला तो सगळ्यात अडाणी, पण त्या बेटावर सगळ्यात आधी बोलायला तोच लागला.

गोदीत जोसेफ नावाचा एक फिटर आमच्या इंजिनवर काम करत होता. हसनच्या हातची मासळीची कढी त्याने एकदा चाखली आणि तो दोस्त झाला. तो शेजारच्या गोझो बेटावरचा. तिथे त्याची विधवा आई कार्मेला शेळ्या-मेंढ्या पाळून चीज करायची. येत्या रविवारी आम्ही दोघांनी त्याच्या घरी जायचं, असं त्याने ठरवून टाकलं. हसन आठवडाभर त्याच गोष्टीत होता. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून त्याने गॅलीत तांदळाच्या पिठाचे लाडू वळायला घेतले.

आणि शनिवारी टपाल आलं.

हसनचं पत्र नेहमी माझ्या नावावर यायचं. दुबईच्या एजंटाने ते पुढे पाठवलं होतं. मी लिफाफा फोडला आणि कागदाचा वरचा कोपरा फाडलेला दिसला. आमच्याकडे मयतीच्या पत्राचा कोपरा फाडतात. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही तो वाचता येतो. शेजारच्या खतिजाबीने गावातल्या मास्तरांकडून लिहून घेतलेल्या चार ओळी होत्या. आमिनाबी गेली होती. मी मान वर केली तर हसन समोर येऊन बसलेला, हाताला पीठ, बाकीचे उठून चाललेले. तो म्हणाला, "वाच." मी अंगठा त्या फाटक्या कोपऱ्यावर ठेवला... आणि वाचू लागलो. तुझी आई खुशाल आहे. तुझी आठवण काढते. विचारते, परमुलखात तू काय खातोस? पोटभर मिळतं का?

असं का केलं, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलं आहे की उत्तरं गुळगुळीत झाली आहेत. उद्याचा दिवस त्याचा आनंदात जावा, मग सांगू, असं मनात होतं हे खरं. पण ती दया नव्हती. त्याला रडताना बघायची माझ्यात हिंमत नव्हती. आमिनाबीला मी लहानपणापासून ओळखत होतो. जहाजावरून परतलेल्या प्रत्येकाला ती हाच प्रश्न विचारायची, त्यामुळे तो तिच्या तोंडी सहज बसला. इतका सहज, की वाचताना मला तिचा आवाज ऐकू आला. ज्या बाईला पुरून महिना झाला होता तिला मी बोलायला लावलं होतं.

रविवारी आम्ही गोझोला गेलो. बसने बेटाच्या टोकापर्यंत आणि तिथून अर्ध्या तासाची बोट. दगडी बांधांची लहान लहान शेतं, बांधावर निवडुंग, आणि किनाऱ्यावर खडकातच कोरलेले मिठाचे चौकोन. एक बाई झाडूने मीठ गोळा करत होती. हसन तिथे थांबला, बोटाने मीठ चाखलं आणि म्हणाला की आपल्या मिठागराचं मीठ यापुढे कडू आहे. कार्मेला काळ्या कपड्यांतली, उंच, मोठ्या आवाजाची बाई. तिने आधी मासळीचं कालवण वाढलं: खूप लसूण, टोमॅटो, तांदूळ आणि वरून लिंबू. मग जाड पावाच्या फोडी, त्यांच्यावर चिरलेला टोमॅटो घासून त्या लाल केलेल्या, वर जैतुनाचं तेल. आणि चीज. वाटीच्या तोंडाएवढ्या पांढऱ्या चकत्या, वेताच्या इवल्या टोपल्यांत घातलेल्या. टोपलीची वीण प्रत्येक चकतीवर उमटलेली. खिडकीत जाळीच्या पेटीत त्या वाळत ठेवल्या होत्या. चार वर्षं मी हसनला दुसऱ्यांना वाढतानाच पाहिलं होतं. त्या दिवशी तो बसला, त्याला कुणीतरी वाढलं आणि त्याने मागून मागून खाल्लं. कार्मेलाने त्याला आईबद्दल विचारलं. तो म्हणाला, "आहे, अल्हम्दुलिल्ला. गावाला असते." मी पावाकडे बघत राहिलो.

परतीच्या बोटीत सांगायचं असं मी ठरवलं होतं. बोट सुटली, किनारा मागे पडला. मी घसा साफ केला, तेवढ्यात तोच म्हणाला, "युसुफ, आज लिवून टाकू. आय वाट बघत असेल." आणि बोटीच्या बाकावर बसून त्याने सांगायला सुरुवात केली. माझ्या खिशात नेहमी कागद असायचा. मी त्याचं बोलणं जसंच्या तसं उतरवत असे.

"आय, हितं भाकर नाय, पाव हाय, पन आपल्यासारका नरम नाय. वरून दगड, आत कापूस. त्यावर टमाटा घासायचा, घासतच ऱ्हायचा, पाव लाल होईस्तोवर. तेल वतायचं, खोबऱ्याचं नाय, जैतुनाचं. मंग कांदा, पुदिना, आन एक हिरवी खारट कळी असते ती. तू खाशील तर आदी तोंड वाकडं करशील, मंग आनखी मागशील. एक म्हातारी हाय, तुज्यासारकीच कोनाचं ऐकत नाय. पोट भरलं का इचारत नाय, वाडतच ऱ्हाते. तू फिकर करू नको. मी चांगलं खातंय."

ते पत्र मी पेटीत टाकलं नाही. टाकणार तरी कुणाच्या नावाने? स्टोअरच्या खणात, वॉशरांच्या डब्यामागे ठेवलं. त्यानंतर रविवारी जमेल तसे आम्ही आणखी तीनदा गेलो. दर फेरीला एक पत्र. एकदा कार्मेलाने सशाचा बेत केला आणि आम्ही नकाराची मान हलवल्यावर ती रागावली. ससा खावा की नाही यावर आमच्या दोघांत अंगणात वाद झाला. शेवटी हसनने सुरी मागून घेतली, बिस्मिल्ला म्हणून स्वतः हलाल केला आणि तिच्या बरोबरीने चुलीपाशी उभा राहिला. ती सवयीने वाइनची बाटली उपडी करणार, तर याने तिचा हात धरला. ती हसली, बाटली बाजूला ठेवली आणि टोमॅटो ओतले. तेही त्याने आईला कळवलं, नियत साफ असेल तर ससापण गोड लागतो, असं. जूनअखेर झाडाला पहिले अंजीर आले ते कळवलं. शेळीचं दूध कसं नासवायचं, टोपली कितीदा उलटायची, मीठ कधी चोळायचं, हे सगळं एका पत्रात आहे. ते त्याने सांगितलं मला, पण शिकवत होता तो तिला. माझी बोटं लिहायची आणि रात्री डोळा लागायचा नाही. एक खोटं पचवायला माणूस दुसरं खातो, तसं माझं चाललं होतं.

जूनच्या सुरुवातीलाच सुएझपाशी लढाई पेटली होती आणि कालवा बंद झाला होता. टपालाचा घोळ झाला. माझ्या पथ्यावर पडलं, हे लिहायला लाज वाटते. गावाहून उत्तर का येत नाही, असं हसन विचारायचा आणि मी लढाईकडे बोट दाखवायचो. चांगली सबब मिळाली की मनाला तेवढीच उसंत मिळते. जुलैत जहाज तयार झालं आणि हुकूम आला की आफ्रिकेला वळसा घालून परतायचं. निरोप घ्यायला गेलो तेव्हा कार्मेलाने हसनच्या हातात एक पत्र्याचा डबा दिला. आत सहा चकत्या, वाळवलेल्या, मिरपूड लावून तेलात बुडवलेल्या. हे टिकतं, ती म्हणाली, तुझ्या आईला दे.

तो डबा माझ्या स्टोअरमध्ये राहिला, कारण गॅलीत उष्मा. पन्नासेक दिवसांची ती सफर. दर जुम्म्याला हसन यायचा, म्हणायचा डबा काढ. झाकण उघडून प्रत्येक चकती उलटवायचा, तेलाचा हात फिरवायचा. मी शेजारी उभा. त्याच फळीखालच्या खणात त्याने आईला सांगितलेली चार पत्रं आणि कोपरा फाटलेलं पाचवं. केप ऑफ गुड होपपाशी समुद्राने आम्हाला उभं-आडवं केलं. त्या दिवशी फळीवरचं सगळं खाली आलं, डबा मात्र हलला नाही. हसन त्याला आईची दुआ म्हणाला. मला त्या स्टोअरमध्ये एकट्याने बसवेनासं झालं होतं. पुस्तकातलं भूत मी कधी मानलं नाही. पण दाराशी कुणीतरी येऊन उभं आहे आणि काय खातोस असं विचारणार आहे, असं रोज वाटायचं. सांगून मोकळं व्हावं, तर चहूकडे पाणी. तो कुठे जाणार होता रडायला? असं मी म्हणायचो, आणि तेही खोटं होतं.

सप्टेंबरात दुबईला पोचलो. पडावातून खाडीत उतरलो. हसनच्या काखेत डबा होता. मुंबईची बोट दोन दिवसांनी सुटणार होती, तो तिकिटाचं बोलत होता. मी म्हटलं थांब, एजंटाच्या हापिसात टपाल बघून येतो. आत गेलो. टपाल काहीच नव्हतं. दारामागे उभा राहून मी खिशातून तेच जुनं पत्र काढलं, बाहेर आलो आणि त्याच्या समोर धरलं. या वेळी अंगठा कोपऱ्यावर ठेवला नाही. तेच पत्र मी त्याला दिलं, कारण त्यातली तारीख त्याला वाचता येणार नाही हे मला ठाऊक होतं. माझ्या आयुष्यात मी याहून हलकं काम केलेलं नाही.

तो तांदळाच्या गोणींवर बसला. त्या कोपऱ्यावर त्याने बोट फिरवलं. मग त्याने विचारलं, "माजी पत्रं तिला पोचली होती?"

मी म्हणालो, पहिली दोन तरी पोचली असतील.

"मंग तिला कळलं मी काय खाल्लं ते."

"हो," मी म्हणालो.

त्या आठवड्यात दुबईच्या डेरा भागातल्या खोलीवर त्याने आईच्या नावाने अन्नावर दुआ पढून फातेहा दिली. कार्मेलाचा डबा उघडला, चकत्यांचे तुकडे केले, पावावर टोमॅटो घासला आणि गावच्या सगळ्यांना बोलावलं. मलाही खावं लागलं. चव विचाराल तर उत्तम होती.

गावाला तो लगेच गेला नाही. म्हणाला, आता कुणासाठी. आम्ही दोघांनी जहाज सोडलं. त्याने डेऱ्यात लहानशी खाणावळ काढली. पुढच्या वर्षी जमादिलावल महिन्यात त्याने आईची बरसी केली, म्हणजे मी पत्र दाखवलं त्यावरून त्याच्या हिशेबाने ती गेली त्या महिन्यात. स्वतः शेळीचं दूध नासवलं, खजुराच्या पात्यांच्या टोपल्या विणून घेतल्या. चुकीच्या महिन्यातली ती फातेहा मी खाली मान घालून खाल्ली. त्या हिवाळ्यात मात्र तो गावाला गेला, लग्न करून आला. भेटला तेव्हा नेहमीसारखाच होता. पण मोहरम लागला आणि त्याचा निरोप आला: सातव्या चाँदाला आयची बरसी आहे, ये.

निरोप घेऊन मी रस्त्यातच उभा राहिलो. खतिजाबीने त्याला खरी तारीख सांगितली होती, दुसरं काय? म्हणजे त्याला कळलं होतं. आई गेल्यावर महिन्याने तो गोझोला बसून मागून मागून खात होता, तिला पत्रं सांगत होता, आणि शेजारी बसून ती लिहिणाऱ्याला सगळं माहीत होतं. मी गेलो. न जाण्याची हिंमतही माझ्यात नव्हती. जाताना चारही पत्रं कागदात गुंडाळून नेली आणि काही न बोलता त्याच्या शेगडीजवळ ठेवली. त्याने पुडकं उघडलं, कागद ओळखले, कार्मेलाच्या त्या रिकाम्या डब्यात घातले. मग माझ्यासमोर थाळी ठेवून म्हणाला, "जेवून जा."

त्यावर आमच्यात झालेलं बोलणं एवढंच. तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर त्याने मला एकही पत्र वाचायला दिलं नाही; कापडबाजारातल्या एका शिंप्याकडून तो वाचून घ्यायचा. बाकी काही बदललं नाही. माझ्या निकाहात पुलाव त्याने केला. माझा मुलगा आजारी पडला तेव्हा तो तीन दिवस इस्पितळाच्या बाकावर बसून होता. पुढे खाणावळ मोडून त्याने जबल अलीच्या कामगार कॅम्पचं स्वयंपाकघर चालवलं, हजारोंना जेवू घातलं, इक्बालला शिकवून इंजिनिअर केलं. आणि दर मोहरमच्या सात तारखेला पहिली थाळी माझ्यासमोर आली. मी पहिला घास घेईपर्यंत तो समोर उभा राहायचा. ती माफी होती की सजा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. विचारायला जीभ उचलली नाही.

शेवटची भेट तो जाण्याच्या तीन आठवडे आधीची, अल बर्शातल्या इक्बालच्या फ्लॅटमध्ये. वर्षभर त्याची याद जात-येत होती. नातीला, सनाला, तो कधी बहीण समजून हाक मारायचा, आणि बहीण तर त्याला नव्हतीच. मी जाऊन बसलो. थोड्या वेळाने तो म्हणाला, "कागद घे. आयला लिवायचं हाय." टीपॉयवर सनाची शाळेची वही होती, तिचं मागचं पान मी फाडलं. तो हळूहळू सांगत गेला. सून चांगली आहे पण मीठ देत नाही. सकाळी घोड्याचा खुराक देतात, दुधात कालवून. पोरगी बाहेरून चीज लावलेली रोटी मागवते, गोल, त्यावर टोमॅटो असतो, पण घासलेला नसतो. दात नाहीत, तरी खातो. तू फिकर करू नको. मी लिहून घडी घातली. तो माझ्या हातांकडे बघत होता. म्हणाला, "या टायमाला टाक हां."

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. याद गेलेल्या माणसाचे डोळे होते की सगळं आठवणाऱ्याचे, मला खरंच कळलं नाही. त्या क्षणी सांगायला हवं होतं. हसन, माझं चुकलं... एवढेच तीन शब्द. तेवढ्यात सून चहा घेऊन आली आणि मी नुसतं टाकतो म्हणालो. खाली उतरून टॅक्सी करून पोस्टात गेलो. पाकिटावर आमिनाबीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा रत्नागिरी, सगळं नीट लिहिलं आणि तिकीट लावून पेटीत टाकलं.

चाळिसाव्या दिवशी कुराणखानी झाली, म्हणजे सगळ्यांनी मिळून कुराण वाचलं. इक्बालने अब्बांच्या आवडीचं म्हणून पाव, टोमॅटो आणि चीज ठेवलं होतं. पांगापांग झाल्यावर घरचेच उरलो तेव्हा त्याने एक पत्र्याचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला. अब्बा म्हणायचे आत माल्टाची पत्रं आहेत, तो म्हणाला, पण आमच्यापैकी कुणाला मराठी वाचता येत नाही. ऐकली तर समजतात. सनाने फोन रेकॉर्डिंगवर टाकून माझ्यापुढे धरला. "रीड एव्हरीथिंग, दादा," ती म्हणाली. मी चष्मा पुसला आणि वाचत गेलो. पाव, कळी, ससा, अंजीर. वाइनच्या बाटलीपाशी सगळे हसले. हसन त्या खोलीत बोलत होता आणि त्याची सून तोंडावर पदर घेऊन रडत होती. चार संपली. डब्यात तळाला एक कागद उरला, कोपरा फाटलेला. असलं पत्र घरात ठेवत नाहीत. त्याने ठेवलं होतं.

इक्बाल म्हणाला, हेच ते, दादीचं शेवटचं पत्र. वाचा ना चाचा.

मी ते वाचलं. जसं लिहिलं होतं तसं, पहिल्यांदाच. "चिरंजीव हसन यास अनेक दुवा. तुझी आई मोहरमच्या सातव्या चाँदाला फजरच्या नमाजाआधी अल्लाला प्यारी झाली. तीन दिवस ताप होता. गावाने मयत नीट केली. युसुफ, तू त्याला सांभाळून सांग."

इक्बालने कागद उलटून पाहिला. मग म्हणाला, "पण चाचा, अब्बा तर आम्हाला नेहमी सांगायचे... दादीने शेवटच्या पत्रात विचारलं होतं, परमुलखात काय खातोस म्हणून. ते यात कुठंय?"

सातव्या चाँदाची तारीख समजल्यापासून हसनला माहीत होतं की ते वाक्य त्याच्या आईचं नाही. तरी आयुष्यभर त्याने ते आपल्या मुलांना आईचं म्हणून सांगितलं होतं.

"यात नाही," मी म्हणालो.

"मग विचारलं कोणी?"

"मी."

सनाचा फोन चालूच होता. तिने तो बंद केला नाही आणि मीही बंद कर म्हणालो नाही. मग मी सगळं सांगितलं, त्या शनिवारच्या टपालापासून, काही न गिळता आणि पदरचं काही न घालता. त्याच्या घरातला प्रत्येक जण ऐकत होता. ज्याला सांगायला हवं होतं, तो एकटा तिथे नव्हता.